तीन पानांची तक्रार आणि एक जुनी ओळ

2024 च्या जूनमध्ये जेंटू लिनक्स या कार्यप्रणालीने पायथन या प्रोग्रामिंग भाषेची मूलनिर्धारित आवृत्ती 3.11 वरून 3.12 केली आणि त्यानंतर काही आठवड्यांनी आमचा एक सर्व्हर अद्ययावत करण्याचे काम माझ्याकडे आले. त्या यंत्राला कित्येक महिन्यांत कोणी हात लावलेला नव्हता. जेंटूवर आम्ही पॅकेजे स्रोतापासून कंपाइल करतो. कोणत्या पॅकेजात कोणती सोय हवी हे यूज फ्लॅगने ठरते, आणि दोन पॅकेजांच्या मागण्यांचा मेळ बसला नाही तर पोर्टेज, म्हणजे जेंटूचा पॅकेज-व्यवस्थापक, काहीही न बदलता थांबतो. त्या दिवशी तो थांबला तेव्हा पडद्यावर तीन पाने भरतील एवढा मजकूर होता.

आधी मी बॅकट्रॅकची, म्हणजे अडल्यावर मागे फिरून दुसरा मेळ शोधण्याच्या प्रयत्नांची, मर्यादा वाढवून पाहिली. पोर्टेजने बराच वेळ गणित मांडले आणि तेच उत्तर पुन्हा दिले. मग चहूबाजूंनी प्रयोग करणे सोडून मी तो मजकूर पहिल्या ओळीपासून शांतपणे वाचायला घेतला.

पायथन 3.11 आणि 3.12 यांना वेगवेगळे स्लॉट, म्हणजे स्वतंत्र जागा, असल्यामुळे ते एकाच यंत्रावर सुखाने नांदतात. पायथनच्या लायब्ररींचे तसे नसते. एलएक्सएमएल या एक्सएमएल वाचणाऱ्या लायब्ररीला एकच स्लॉट आहे, म्हणजे यंत्रावर त्याची एकच प्रत राहू शकते, आणि ती कोणकोणत्या पायथनसाठी बांधायची हे यूज फ्लॅग सांगतात. नव्या नियमानुसार ती फक्त 3.12 साठी बांधली जाणार होती, पण कोणाला तरी ती 3.11 साठीही हवी होती. पोर्टेज अशा मागणीच्या ओळीखाली, नेमका जो शब्द अडतो त्याच्याच खाली, बाणाच्या टोकासारख्या बारीक खुणा उमटवतो. त्या खुणा 3.11 च्या अटीखाली होत्या आणि ओळीच्या टोकाला आमच्याच खासगी ओव्हरलेमधील, म्हणजे आमच्या स्वतःच्या पॅकेज-संग्रहातील, एका लहानशा साधनाचे नाव होते. खाली सरकत गेलो तसतसे प्रत्येक तक्रारीत तेच नाव सापडले. इतक्या लायब्ररी अडल्या होत्या, पण अडवणारे पॅकेज एकच होते.

ते साधन रोज रात्री बॅकअपच्या नोंदी तपासत असे. एलएक्सएमएल जबरदस्तीने काढून अद्ययावतीकरण पुढे रेटण्याचा मोह अशा वेळी होतोच. परंतु तसे केले असते, तर रात्रीची तपासणी बंद पडली असती आणि सकाळपर्यंत कोणाला पत्ताही लागला नसता. म्हणून यूज फ्लॅग जिथे नोंदवतात त्या पॅकेज डॉट यूजमध्ये एक ओळ घालून मी सर्व पॅकेजांसाठी 3.11 आणि 3.12 दोन्ही लक्ष्ये, म्हणजे ज्यांच्यासाठी बांधायचे त्या पायथनच्या आवृत्त्या, चालू केली. पोर्टेजने लगेच स्वच्छ यादी दिली. यात प्रत्येक लायब्ररी दोन्ही पायथनसाठी बांधावी लागते, त्यामुळे कंपाइलला अधिक वेळ लागतो, पण मधल्या काळात चालू असलेले काही मोडत नाही. चालत्या सर्व्हरवर मी हाच मार्ग घेईन.

दुपारी त्या साधनाचा ईबिल्ड, म्हणजे पॅकेज कसे बांधायचे हे सांगणारा मजकूर, उघडला. साधन कोणत्या पायथनवर चालते हे सांगणाऱ्या पायथन कम्पॅटच्या ओळीत फक्त 3.11 होते. त्यात 3.12 ची भर घातली आणि पॅकेज विनातक्रार बांधले गेले, तरीही मला स्वस्थ वाटेना. पायथनचा कोड बांधताना त्यातील इम्पोर्ट, म्हणजे इतर मॉड्यूल आत घेण्याचे आदेश, प्रत्यक्ष चालवले जात नाहीत. त्यामुळे पॅकेज बांधले गेले म्हणजे ते चालेलच असे नाही. हाताने चालवून पाहिल्यावर पहिल्याच क्षणी ते कोसळले, कारण त्यात संरचना फाइल वाचण्यासाठी पायथनच्या इम्प मॉड्यूलचे लोड सोर्स हे फंक्शन वापरले होते आणि ते मॉड्यूल 3.12 मधून काढून टाकलेले आहे. त्याच्या जागी आलेल्या इम्पोर्टलिब मॉड्यूलच्या साहाय्याने तेवढा भाग नव्याने लिहिला, पॅच ओव्हरलेमध्ये ठेवला आणि साधन आदल्या रात्रीच्या नोंदींवर चालवून दोन्ही पायथनचे निकाल ओळीला ओळ लावून ताडले.

त्या रात्री तपासणी 3.12 वर झाली. दोन दिवस नोंदी पाहिल्यानंतर मी लक्ष्यांमधून 3.11 वगळले आणि पुन्हा संपूर्ण अद्ययावतीकरण चालवले. शेवटी, कोणालाच न लागणारी पॅकेजे काढणाऱ्या डेपक्लीनने काढायच्या पॅकेजांची यादी दाखवली. तिच्यात पायथन 3.11 होते. ती यादी दोनदा वाचून मी होकार दिला.