अर्थशास्त्राला आशियाची जोड: एशियन स्टडीज मायनरचा माझा अनुभव

नव्या शैक्षणिक धोरणात मेजर म्हणजे मुख्य विषयासोबत मायनर म्हणजे दुय्यम विषय आला, तेव्हा माझ्या वर्गातल्या बहुतेकांनी फायनान्स किंवा डेटा ॲनालिटिक्स निवडलं. मी अर्थशास्त्राच्या जोडीला एशियन स्टडीज घेतलं. आईने लगेच विचारलं, "यातनं पुढे नोकरीचं काय?" प्रश्न रास्तच होता. आम्ही ऐरोलीला राहतो, बाबा न्हावा शेवा बंदरात कस्टम्स क्लिअरिंगचं काम करतात. जेवतानासुद्धा त्यांच्या फोनवर बुसान, शांघाय, पोर्ट क्लांग चालू असतं. ज्या देशांतून हा माल येतो ते देश कसे उभे राहिले, हे मला नीट शिकायचं होतं. आईला मी तेवढंच सांगितलं. बाकीची समजूत बाबांनी काढली.

यूजीसीच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीत मायनरला 24 क्रेडिट असतात, चौथं वर्ष केलं तर 32. एक क्रेडिट म्हणजे 15 तासांचे वर्ग. आमच्याकडे या मायनरचा वेगळा विभागच नव्हता. इतिहासाचा एक पेपर, राज्यशास्त्राचा एक, भाषा विभागातली जपानी, असं गोळा करावं लागायचं. खरा त्रास तिथे झाला. जपानीचा तास आणि माझ्या मेजरचा सांख्यिकीचा तास एकाच वेळी. परीक्षा विभाग म्हणे विभागप्रमुखांकडे जा, विभागप्रमुख म्हणे वेळापत्रक समितीकडे. शेवटी इतिहासाच्या मॅडम स्वतः समितीसमोर बसल्या आणि जपानीचा वर्ग सकाळी साडेसातला हलवून घेतला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. एका पेपरला पुरेशी मुलं नव्हती, म्हणून तो 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावरून केला. असे ऑनलाइन क्रेडिट ठरावीक मर्यादेपर्यंत चालतात, पण आपलं विद्यापीठ नेमका कोणता कोर्स धरणार याची लेखी मंजुरी नाव नोंदवायच्या आधीच घ्या. आणि निकाल लागल्यावर ते क्रेडिट आपल्या एबीसी खात्यात (ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे क्रेडिट जमा होतात ते ऑनलाइन खातं) चढलेत का, हे स्वतः उघडून बघा.

जपानीची मला धास्ती होती. पहिल्याच आठवड्यात सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या शिक्षकांनी, हिरागाना या जपानी लिपीचा तक्ता फळ्यावर काढला: आ, इ, उ, ए, ओ. पुढच्या ओळी का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. मी वहीत शेजारी आपली वर्णमाला लिहिली आणि क्रम बघून थक्क झाले. कंठ्य आधी, मग दंत्य, शेवटी ओष्ठ्य, मग य, र, व. हा योगायोग नाही. बौद्ध ग्रंथांसोबत संस्कृतसाठी वापरली जाणारी सिद्धम् ही भारतीय लिपी चीनमार्गे जपानला गेली, तिथले भिक्षू ती शिकत होते आणि त्या अभ्यासातून तक्त्याला ही मांडणी आली. 'ह' आपल्याकडे शेवटी, त्यांच्याकडे ओष्ठ्यांच्या जागी, कारण जुन्या जपानीत तो उच्चार 'प'सारखा होता. त्यानंतर 46 अक्षरं पाठ करायला मला कुणी सांगावं लागलं नाही.

प्रकल्पासाठी विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. 12 जानेवारी 2024 ला उद्घाटन झालेला अटल सेतू जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून उभा राहिला. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठीही जायकाचंच कर्ज, आणि तिचा बीकेसी ते शिळफाटा हा 21 किलोमीटरचा बोगदा 7 किलोमीटर ठाणे खाडीखालून जातो. जपानचा पैसा आपल्या खाडीपर्यंत कसा आला, हा माझा प्रश्न. मागे जात जात मी 1893 पर्यंत पोहोचले. तेव्हा मुंबईचा कापूस पूर्वेकडे न्यायचा तर पी अँड ओ ही ब्रिटिश जहाज कंपनी मागेल ते भाडं द्यावं लागे. जमशेटजी टाटा जपानला गेले, आणि निप्पॉन युसेन काइशा या जपानी जहाज कंपनीने मुंबई-कोबे जहाजसेवा सुरू केली. पी अँड ओने चिडून भाडी प्रचंड पाडली, तरी जपानी गिरण्यांनी आपल्याच जहाजांना माल दिला आणि ती सेवा टिकली. इतिहास, राजकारण आणि माझं अर्थशास्त्र इथे पहिल्यांदा एका वहीत आलं. मायनरचे पेपर सुटे सुटे राहतात अशी तक्रार मी खूप ऐकली आहे. एक देश आणि एक प्रश्न दुसऱ्या वर्षालाच पक्का केला, तर प्रत्येक पेपरचा निबंध त्याच प्रश्नाभोवती लिहिता येतो.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "बुलेट ट्रेनच्या कर्जावर व्याज 0.1 टक्का, मुदत 50 वर्षं, मग धोका कुठे आहे?" मी म्हटलं, "सर, फेड येनमध्ये आहे. येन वधारला तर व्याज कमी असूनही रुपयात बोजा वाढतो." त्यावर वीसेक मिनिटं चर्चा रंगली. मला तो विषय इतका आवडला, की पदव्युत्तर अभ्यासासाठी तोच धरायचं ठरवलंय.

जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची एन5 ही पहिली पातळी झाली, आता डिसेंबरच्या एन4 या पुढच्या पातळीची तयारी चालू आहे. ही परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्येच होते आणि नोंदणी काही महिने आधी बंद होते. तेव्हा सेमिस्टर सुरू झालं की आधी ती तारीख बघून ठेवा, मग मायनरचा फॉर्म भरा.