तुम्ही विचारलंत म्हणून: केजन अकॉर्डियनचा कोपरा कसा जोडावा?

"कोपऱ्याला डव्हटेल का नाही लावलं?" मी केजन अकॉर्डियन बांधतो हे कळलं की लाकूडकाम जाणणारा माणूस सगळ्यात आधी हेच विचारतो. (डव्हटेल म्हणजे पारव्याच्या शेपटीसारखे, टोकाकडे रुंद होणारे दाते एकमेकांत अडकवणारा सांधा.) ह्यूस्टनला माझ्या गॅरेजमध्ये येणारे मराठी स्नेही विचारतात, पुण्यातले हौशी सुतारकाम करणारे फोनवर विचारतात, लुइझियानातले वादकही विचारतात. दरवेळी बोलण्याच्या ओघात अर्धंच उत्तर दिलं जातं. तुम्हीही विचारलंत, म्हणून या वेळी सविस्तर लिहितो.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. सरळ रेषांच्या मेपल लाकडाला मी बॉक्स जॉइंट घालतो. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवावीत तसा तो सांधा. लाकडावर लाटा किंवा डोळे असतील आणि ती नक्षी कोपऱ्यावरून सलग वळायला हवी असेल, तर माइटर करतो, म्हणजे दोन्ही फळ्यांची टोकं तिरपी कापून जोडतो, पण नुसता माइटर नाही; त्यात आडव्या पट्ट्या बसवतो. डव्हटेल मला उत्तम येतं, आवडतंही, पण या वाद्यात ते करत नाही.

वाद्य माहीत नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. लुइझियानाच्या नैऋत्य भागात केजन लोक राहतात. यांचे फ्रेंच बोलणारे पूर्वज आजच्या नोव्हा स्कोशियाच्या परिसरातले. १७५५पासून इंग्रजांनी त्यांना तिथून हुसकावून लावलं आणि त्यांतले बरेच जण कालांतराने लुइझियानात आले. त्यांच्या नाचगाण्याचा प्राण म्हणजे हे जेमतेम फूटभर लांबीचं वाद्य. उजवीकडे एकाच ओळीत दहा बटणं, डावीकडे खर्जाची दोन, वर चार खुंट्या. भाता ढकलताना बटण एक सूर देतं, ओढताना दुसरा. प्रत्येक सुरामागे चार रीड (हवेने थरथरून वाजणाऱ्या धातूच्या पातळ जिभा) असतात, म्हणजे नुसत्या उजव्या बाजूला ८० रीड. एकेक खुंटी रीडचा एकेक संच चालू-बंद करते. चारही खुंट्या उघड्या ठेवून वाजवलं की एका बटणाला एकाच वेळी चार रीड हवा मागतात, आणि भाता तर एवढासा. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

दुसऱ्या महायुद्धाआधी ही वाद्यं जर्मनीतून यायची. मोनार्क आणि स्टर्लिंग या छापांची, काळ्या रंगाची, लहानखुरी. युद्धात ती आवक थांबली. १९४८मध्ये केजन अकॉर्डियनवादक आयरी लेजून यांची पहिली तबकडी निघाली, अकॉर्डियनला पुन्हा मागणी आली, पण चांगली वाद्यं मिळेनात. लेक चार्ल्सचे सिडनी ब्राउन हे लुइझियानात केजन अकॉर्डियन बांधणारे पहिले कारागीर मानले जातात. पुढे मार्क सव्हॉय यांनी १९६६मध्ये लुइझियानातल्या यूनिस गावी आपलं दुकान थाटलं, आणि मग घराघरांतल्या गॅरेजांतून बांधणारे तयार झाले. जर्मन वाद्यांना काळा रंग असे. या लोकांनी लाकूड उघडं ठेवलं. मेपल, अक्रोड, चेरी, सगळं पॉलिश करून झळकवलं. काळ्या रंगाखाली सांधा कसाही असला तरी दिसत नाही. उघड्या लाकडात तो दिसतो, म्हणूनच हा प्रश्न निघतो. पण सांधा दिसतो कसा यापेक्षा तो काय सांभाळतो, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

तर कोपऱ्यावर जोर येतो कुठल्या दिशेने? वाद्याच्या दोन लाकडी चौकटी असतात आणि मध्ये भाता. भाता ओढला की चौकट भात्याच्या दिशेने खेचली जाते, म्हणजे कोपऱ्याच्या उभ्या रेषेला समांतर. भिंती बाहेर फेकल्या जाव्यात असा जोर जवळजवळ नसतोच. आतला हवेचा दाब फार थोडा. डव्हटेल हा ड्रॉवरचा राजा आहे, कारण ड्रॉवर आपण समोरून ओढतो आणि पारव्याच्या शेपटीसारखा तो आकार समोरची फळी निसटू देत नाही. अकॉर्डियनची कुठलीच भिंत तशी ओढली जात नाही. ज्या दिशेने डव्हटेल कुलूप घालतं, त्या दिशेने इथे चोरच येत नाही.

मग कोपऱ्याने करायचं काय? दोन कामं. हवा जाऊ द्यायची नाही, आणि चारही भिंतींच्या कडा एका पातळीत धरून ठेवायच्या. दुसरं काम पहिल्याहून अवघड. चौकटीच्या कडेवर भात्याची चौकट बसते, मध्ये चामड्याची किंवा फेल्टची पट्टी असते आणि पिनांनी ती आवळून धरलेली असते. एका कोपऱ्यात एक भिंत दुसरीपेक्षा किंचित वर राहिली की पट्टी तिथे दबत नाही आणि तिथूनच हवा निसटते. आपल्या पेटीत भात्याने थोडी हवा गळली तर हात जरा जास्त चालवून निभावून नेता येतं. इथे तसं नाही. वाल्ट्झ या तीन ठोक्यांच्या नाचाची एक ओळ, त्यात चार-चार रीड, आणि भाता ऐन सुरावर संपला तर वादक नाचणाऱ्यांच्या पायाखालचा ठेकाच काढून घेतो. मला वादकांचा जीव त्या एका ओळीत किती अडकलेला असतो हे माहीत आहे. यूनिसला शनिवार सकाळच्या मैफलीत त्यांच्या शेजारी बसून ते पाहिलं आहे.

आता लाकडाचा स्वभाव. ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत शुगर मेपल वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने सुमारे ९.९ टक्के आकसतं, गाभ्याकडून सालीकडे ४.८ टक्के, आणि लांबीत जेमतेम ०.१ ते ०.२. काळ्या अक्रोडाचे आकडे ७.८ आणि ५.५. म्हणजे ७५ मिलिमीटर रुंदीची, वर्तुळांना चाटून कापलेली मेपलची फळी घ्या. तिच्यातला ओलावा ८ टक्क्यांवरून १२ वर गेला, की ती रुंदीत सुमारे १ मिलिमीटर वाढते. हीच फळी गाभ्यातून आरपार, म्हणजे क्वार्टर-सॉन कापलेली असेल तर जेमतेम अर्धा मिलिमीटर. मेक्सिकोच्या आखातावरून येणाऱ्या दमट हवेत आणि घरातल्या एसीच्या कोरड्या हवेत हा फरक सहज पडतो.

चौकटीत चारही भिंतींच्या रेषा गोल फिरत असतात, त्यामुळे सगळ्या भिंती एकाच दिशेने वाढतात आणि सांध्यावर ताण येत नाही. पण हे खरं केव्हा, तर चारही भिंती सारख्याच कापाच्या असतील तेव्हा. एक क्वार्टर-सॉन आणि शेजारची साध्या कापाची घेतली तर पावसाळ्यात कोपऱ्यावर अर्ध्या मिलिमीटरची पायरी पडते. कुठलाही सांधा ती थांबवू शकत नाही. फार तर तुम्ही ती अंगठ्याने चाचपून पाहाल. म्हणून मी चारही भिंती एकाच फळीतून, एकापाठोपाठ कापतो आणि प्रत्येकीवर पेन्सिलने क्रम लिहितो. सांधा कोणता हा प्रश्न त्यानंतरचा. मला सर्वांत जास्त कळकळीने हेच सांगायचं आहे, आणि विचारणारे बहुतेक वेळा हेच विचारत नाहीत.

बॉक्स जॉइंटकडे वळतो. सरस किंवा फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद लाकडाच्या लांब रेषेच्या पृष्ठावर घट्ट धरतो, कापलेल्या तोंडावर मात्र शोषला जाऊन पोकळ राहतो. माइटरमध्ये दोन्ही बाजूंना तिरपं कापलेलं तोंडच असतं, त्यामुळे नुसता माइटर कमकुवत. बॉक्स जॉइंटमध्ये प्रत्येक बोटाच्या दोन्ही कुशी लांब रेषेच्या असतात आणि त्या एकमेकींना चिकटतात. बोटं जितकी जास्त, तितकी ही जागा जास्त. शिवाय बोटं भिंतीला वर-खाली सरकू देत नाहीत, म्हणजे क्लॅम्प आवळताना कडा आपसूक पातळीत राहतात. ही बोटं मी टेबल सॉवर जिग लावून कापतो आणि हाताच्या दाबाने बसतील इतकीच घट्ट ठेवतो. हातोडी लागली तर समजावं की गोंदाचं पाणी पिऊन बोटं फुगतील आणि सांधा अर्ध्यावर अडकेल.

यात एक फसवी जागा आहे, तिच्यासाठी थांबायला हवं. आतली फळी बसवायला भिंतींना लांबच्या लांब खाच पाडावी लागते. ती खाच टोकापर्यंत नेली की कोपऱ्यावर एका बोटातून आरपार जाते आणि बाहेर चौकोनी भोक दिसतं. ड्रॉवरला ते चालतं, इथे ते हवेचं दार होतं. खाच शेजारच्या भिंतीच्या बोटाआड येईल अशी आखली तरी जोडीतल्या दुसऱ्या भिंतीत ती उघडी पडतेच. त्यामुळे निदान एका जोडीत ती टोकाच्या अलीकडे थांबवावी लागते: खाच पाडणारं यंत्र, म्हणजे राउटर, आधी उचलायचा आणि शेवटचा तुकडा पटाशीने साफ करायचा. माइटरमध्ये हा त्रास नाही, खाच थेट टोकापर्यंत नेली तरी आत झाकली जाते. हा माइटरचा खरा फायदा आहे आणि तो मी मनापासून मान्य करतो.

माइटरचा दुसरा फायदा नक्षीचा. बर्ड्ज-आय मेपलचे डोळे एका भिंतीवरून दुसरीवर वळताना बघणं हा आनंद आहे, आणि बोटांच्या कापलेल्या तोंडांनी तो तुटतो. तोंडं पॉलिश जास्त शोषतात आणि काळपट दिसतात. तिथे मी माइटर आधी चिकटवतो, गोंद वाळला की कोपऱ्यातून आडवे काप घेतो आणि त्यांत अक्रोडाच्या पातळ पट्ट्या बसवतो. पट्टीच्या रेषा सांध्याला आडव्या जातात, म्हणून सांधा मजबूत होतो. एकच पथ्य: भात्याच्या पिनांची जागा सांध्यापासून दूर ठेवायची. माइटरच्या गोंदाच्या रेघेत पिन ठोकली की ती चिरते.

कोपरे शेवटी गोल करायचेच असतात, कारण वाद्य मांडीवर बसतं. बॉक्स जॉइंट गोल करताना राउटर बोटांच्या तोंडातून कपच्या काढतो, म्हणून मी थोडंथोडं करून रंध्याने आणि कानशीने उतरवतो. अर्धं झाकलेलं डव्हटेल करायचा मोह ज्यांना होतो त्यांनी इथे जपावं: झाकणारी पातळ कड गोल करताना निघून जाते आणि शेपट्यांची तोंडं वाकडीतिकडी वर येतात.

सागवानाबद्दल बरेच जण विचारतात, कारण आपल्याकडच्या पेट्या सागवानाच्या असतात. लाकूड म्हणून ते या कामाला मेपलपेक्षा शांत आहे: आकसणं ५.८ आणि २.५ टक्के. अडचण त्याच्या तेलाची, गोंद नीट धरत नाही. बोटं कापून झाली की चिकटवण्याच्या अगदी आधी त्यांच्या कुशी ॲसिटोनने पुसा, फडक्याला पिवळट रंग लागायचा थांबेपर्यंत, आणि ॲसिटोन उडून गेला की लगेच गोंद लावा. सांधा मात्र बॉक्स जॉइंटच घ्या. ज्या लाकडात गोंदाचा भरवसा कमी, तिथे माइटर नको.