दिसू नये म्हणून

परवा दुपारी खाली पार्किंगमध्ये कुणीतरी बाइकची विंडशील्ड कोरड्या फडक्याने पुसत होतं. प्लास्टिकवर सुती कापड दाबून फिरवलं की एक खसखस उमटते. ती वर बाल्कनीपर्यंत आली आणि माझे दात शिवशिवले. माणूस पुसत होता मात्र अगदी मन लावून. डोक्यावर ऊन, गोल गोल फिरणारा हात, मध्येच थांबून तोंडाची वाफ, की पुन्हा खसखस. खाली जाऊन दोन शब्द सांगावेत असं फार वाटलं. पण दुसऱ्याच्या बाइकबद्दल आणि दुसऱ्याच्या पोरांबद्दल न विचारता बोलू नये, एवढं शहाणपण वयाने दिलंय. वयाने म्हणजे, बायकोने.

त्याला वाटत होतं, आपण धूळ काढतोय. पण धुळीत क्वार्ट्जचे कण असतात, म्हणजे पोलादी चाकूवरही ओरखडा काढील असा ऐवज. तोच ऐवज फडक्याखाली धरून तो घासत होता. शिवाय कोरडं घासलं की प्लास्टिकवर विद्युतभार साठतो आणि आपली पाठ वळते न वळते तोच नवी धूळ हजर! विंडशील्डचं हे प्लास्टिक, म्हणजे पॉलिकार्बोनेट, तसं विचित्रच प्रकरण. १९५३ साली जर्मनीत हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स, दोघांनी एकमेकांचा पत्ता नसताना ते शोधून काढलं. हातोड्याला दाद न देणारं हे प्लास्टिक रुमालापुढे हात टेकतं, म्हणून त्यावर कारखान्यातच कडक लेप चढवतात. चरा दिसला की उत्साही मंडळी पॉलिश घेऊन त्या लेपावरच तुटून पडतात. चरा जातो, लेपही जातो, आणि पुढचा चरा नुसत्या बोटानेही उठतो. काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे मारला तर धुरकटपणा येतो. पेट्रोलचा बोळा फिरवला तर बारीक भेगांची जाळी उमटते, आणि ती कशानेच जात नाही.

बाबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, पण त्यांचा हात बरोबर होता. जुना सदरा फडक्यांत जमा व्हायचा ठरला की ते आधी त्याची बटणं कापून काढत. नुसती बटणं नव्हे, कॉलरची जाड शिवणसुद्धा. मग उरलेलं कापड उजेडात धरून त्यात एखादा टाका राहिलाय का ते बघत. बादली धरायचं काम माझं. पहिलं पाणी नुसतं ओतायचं, हात लावायचा नाही. "आधी जेवढं आपणहून जातंय तेवढं जाऊ दे," म्हणत. शाम्पूचं पाणी त्यानंतर. आणि फडकं खाली पडलं तर ते त्या दिवसापुरतं बाद, मग मी कितीही झटकून दाखवू दे. तेव्हा मला हा शुद्ध छळ वाटायचा. आता माझ्या हातून मायक्रोफायबर जमिनीवर पडलं की मीच ते मुकाट बाजूला टाकतो.

खरी मजा किड्यांची. रात्रीच्या लांबच्या रपेटीनंतर विंडशील्डवर चिलटांचा जो थर बसतो, तो वाळला की सिमेंट होतो. नखाने खरवडायचा मोह भारी. पण ओला टॉवेल पसरून द्यावा त्यावर आणि आपण दुसरीकडे जावं. पंधरा-वीस मिनिटांनी टॉवेल उचलला की अर्धं काम त्याच्याबरोबरच निघून येतं. उरलेलं वरून खाली, सरळ हाताने. गोल फिरवायचं नाही. का, ते रात्री कळतं. समोरून दिवा आला की त्याच्याभोवती कोळ्याचं जाळं पेटतं. चरे असतात सगळीकडेच, पण प्रकाशाभोवती कडं करून पडलेले तेवढे चमकून उठतात.

बाकीच्या प्लास्टिकचं निराळं. साइड पॅनेल, काळे मडगार्ड, आरशांची कव्हरं, हे सगळं पुसायचं ते दिसावं म्हणून. विंडशील्ड तेवढी पुसायची ती दिसू नये म्हणून. खरबरीत काळ्या प्लास्टिकवर चुकून मेणाचं पॉलिश लागलं की ते खाचांत वाळून पांढरं होतं आणि मग टूथब्रश घेऊन बसावं लागतं. पण निदान बसल्याचं कुणाला तरी दिसतं! मडगार्ड काळाभोर झाला की येणारा-जाणारा थबकतो. विंडशील्डवर तासभर घालवा, कुणी ढुंकून बघणार नाही. बघण्यासारखं तिथे काही उरलेलंच नसतं. मला तर अशी कामं मनापासून आवडतात. घरात मात्र या आवडीला आळस म्हणतात.

काही विंडशील्ड अ‍ॅक्रिलिकच्या असतात. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांत वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक झाकणं याच प्लास्टिकची होती. गोळी लागून ती फुटली की त्यांच्या कपच्या वैमानिकांच्या डोळ्यांत शिरत. लंडनचे नेत्रशल्यविशारद हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात आलं की या कपच्या डोळ्यात राहूनही डोळा चिडत नाही, सुजत नाही. १९४९ साली त्यांनी त्याच प्लास्टिकचं भिंग मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. डोळ्यात परकी वस्तू ठेवायची म्हणजे काय, म्हणून त्यांच्याच व्यवसायातले लोक पुढे कित्येक वर्षं त्यांच्यावर तुटून पडत होते. आज बाबांच्या दोन्ही डोळ्यांत अ‍ॅक्रिलिकचीच भिंगं आहेत, हल्लीची, घडी होणारी.

मोतीबिंदू पिकत जाताना सगळं हळूहळू पिवळट दिसू लागतं आणि माणसाला पत्ताही लागत नाही. शस्त्रक्रियेनंतर बाबा खाली उतरले, त्यांच्या जुन्या गाडीपाशी गेले आणि पांढऱ्या साइड पॅनेलकडे बघत म्हणाले, "हे पिवळं कधी पडलं?"

"झाली की बरीच वर्षं."

"आणि तू बोलला नाहीस?"

मी सांगितलं, हा मळ नव्हे. ए.बी.एस. प्लास्टिकमध्ये रबराचा अंश असतो, उन्हाने तोच बदलतो, म्हणून पिवळेपणा पुसून जात नाही. बाबांनी पूर्ण ऐकून घेतलं, पटलं मात्र अजिबात नाही. तेव्हापासून पॉलिशच्या बाटल्या बदलून बदलून प्रयोग चालू आहेत, आणि पॅनेल आहे तसंच पिवळं आहे. फक्त आता चकचकीत पिवळं.