ए-टू जॅकेटची तपासणी : लेबल सगळ्यात शेवटी

रफ वेअर या कंपनीचं ए-टू, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी वैमानिकांचं कातडी जॅकेट, अखेर टेबलावर आलंय. लेबल म्हणतं, 'टाइप ए-२, ड्रॉइंग नंबर ३०-१४१५, कंत्राट डब्ल्यू ५३५ एसी २७७५२'. वाचायला छान वाटतं. पण हाच मजकूर, हाच कंत्राट क्रमांक जसाच्या तसा विणून आज इंग्लंड-जपानमधले उत्तम कारागीर नवी जॅकेटं विकतात. ते उघडपणे प्रतिकृती म्हणूनच विकतात, त्यात लबाडी नाही. लबाडी होते ती पुढे, दुसऱ्या-तिसऱ्या हातात, जॅकेट चांगलं मळल्यावर. म्हणून यंदापासून लेबल शेवटी बघायचं ठरवलंय.

सुरुवात जॅकेटच्या घडणीपासून. ए-टू १९३१ च्या मे महिन्यात मंजूर झालं आणि १९४३ मध्ये त्याच्या ऑर्डरी थांबल्या. त्या काळच्या ए-टूची पाठ एका सलग कातड्याची. खांद्यामागे चुण्या दिसल्या तर ती अमेरिकी नौदलाच्या जी-वन जॅकेटची घडण. हात उबेला घालायचे आडवे खिसे नाहीत. कॉलरची टोकं खालून लपवलेल्या टिचबटणांनी बसतात आणि गळ्याशी हूक असतो. मॉलमधली 'बॉम्बर' जॅकेटं इथेच गळतात. चांगली प्रतिकृती मात्र इथे हसत हसत पास होते.

मग दोरा. अंधाऱ्या खोलीत यूव्ही टॉर्च मारला. अस्तराची शिवण काळीच राहिली, फक्त डाव्या काखेतला एक पट्टा निळसर पांढरा चमकला. तिथे नंतर कोणीतरी दुरुस्ती केलीय, टाकेही तिथे दाट आहेत. युद्धकाळातला सुती दोरा सहसा चमकत नाही, पण जॅकेट आजच्या डिटर्जंटमध्ये बुचकळलं असेल तर अस्सल अस्तरही उजळून निघतं. उलट, हौशी जपानी कारखाने सुती दोराच वापरतात. त्यामुळे टॉर्चचा निकाल एकट्याने धरायचा नाही.

चेन टॅलन या अमेरिकी कंपनीची आहे, पण तिच्याभोवती जुन्या शिवणीची रिकामी भोकं दिसतात. म्हणजे मूळची नव्हे. मला त्याचं काही वाटत नाही. ऐंशी वर्षांत चेन, विणीचे कफ, कमरेची पट्टी बदलली जाणारच. सगळंच कोरं करकरीत मूळचं आहे असं कोणी सांगितलं की मी जास्त सावध होतो.

खरी मजा पाठीवरच्या चित्रात. साध्या अस्सल ए-टूवर नंतर विमान आणि बॉम्बच्या रांगा रंगवल्या की भाव कुठल्या कुठे जातो, त्यामुळे जॅकेट खरं आणि चित्र खोटं ही जोडी बाजारात भरपूर. भिंगातून बघितलं. कातड्याला भेगा आहेत. रंग जुना असेल तर तो कातड्याबरोबर तडकलेला हवा, भेगेच्या कडेला तुटलेला. इथे पिवळा रंग दोन ठिकाणी भेगेत उतरून तळाशी साचलाय. भेग आधी, रंग नंतर. विकणाऱ्याने सांगितलेली पायलटची गोष्ट बाजूला ठेवली.

छातीवर मात्र एक सीबीआयचा, म्हणजे चीन-बर्मा-भारत आघाडीचा, बिल्ला आहे. कातड्याचे तुकडे जोडून केलेला, तारा थोडा तिरका. असे बिल्ले युद्धात भारतातल्या स्थानिक कारागिरांनी हाताने केले, तेव्हा वाकडेपणा हा दोष नाही. बिल्ल्याच्या बाहेर भोकांची दुसरी ओळही दिसते, म्हणजे आधी काहीतरी मोठं शिवलेलं होतं. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडलाय, आणि त्याचं कारण उघड आहे.

आता एम-ए-वन, म्हणजे अमेरिकी हवाई दलाचं नंतरच्या काळातलं नायलॉनचं जॅकेट, त्याचं लवकर उरकतो. 'डीएसए-१००-६७' असलं लेबल म्हणजे आर्थिक वर्ष १९६७. डीएसए ही अमेरिकी लष्कराची खरेदी-पुरवठा संस्था, तिचं नाव १९७७ मध्ये डीएलए झालं, आणि लेबलावरचा तेरा आकडी सरकारी स्टॉक नंबर १९७४ पासूनचा. त्यामुळे ६७ चं कंत्राट आणि तेरा आकडी नंबर एकाच लेबलावर दिसले की पितळ उघडं पडतं. काळा रंग असेल तर लेबल वाचायचेही कष्ट नकोत, हवाई दलाचं एम-ए-वन सेज ग्रीन.

मी अमेरिकेत ओहायोतल्या डेटनजवळच राहतो, त्यामुळे पुढच्या शनिवारी तिथल्या हवाई दलाच्या संग्रहालयात जातोय. काचेआडून का होईना, खिशांच्या झाकण्यांचा आकार जुळवायचाय. रफ वेअरची झाकणी आणि इतर कंत्राटदारांची यात फरक असतो. कोणाकडे २७७५२ चे समोरून काढलेले स्पष्ट फोटो असतील तर पाठवा, चेन बदललेलं असलं तरी चालेल.