आडवा ब्लॉक: मूठ दहा सेंटिमीटर सरकवण्याचं काम

हाताच्या अंतरावरून सरळ पंच आला की तो थोपवायचा नसतो, त्याला रेषेवरून बाजूला सारायचं असतं; हाच आडवा ब्लॉक. चेहरा साधारण 15 सेंटिमीटर रुंद, मूठ साधारण 8. म्हणजे नाकावर येणारी मूठ आठ-दहा सेंटिमीटर सरकली आणि डोकं उलट दिशेला तीन-चार सेंटिमीटर हललं, की वार कानाजवळून निघून जातो. एवढ्याशा कामासाठी हात फेकायची गरज नाही.

समोरच्याचा उजवा पंच घेऊ. तुमचे दोन्ही तळहात उघडे, हनुवटीच्या उंचीवर, कोपरं खाली बरगड्यांजवळ. डावा तळहात तिरका पुढे जाऊन त्याचा हात तुमच्या उजवीकडे ढकलतो. त्याच वेळी डावं पाऊल अर्धं, तिरकं, डावीकडे-पुढे पडतं. आता तुम्ही त्याच्या हाताच्या बाहेरच्या बाजूला आहात आणि त्याचा डावा हात त्याच्याच उजव्या हाताआड अडकला आहे. हाच पंच उजव्या तळहाताने डावीकडे ढकलला, तर तुम्ही थेट त्याच्या मोकळ्या डाव्या हातासमोर येता. म्हणून हात कोणता वापरायचा हा प्रश्न दुय्यम नाही. विंग चुन या चिनी युद्धकलेत तळहाताच्या या ढकलण्याला पाक साऊ म्हणतात.

टेकण्याची जागा फार महत्त्वाची. मनगटावर ढकललं तर तो कोपर दुमडून तीच मूठ परत फिरवतो. अगदी कोपरावर जायला जाल तर हात लांब जातो आणि उशीर होतो. मनगट आणि कोपराच्या मधल्या भागावर तळहात टेकवा. अंगठा बोटांना चिकटलेला हवा. मोकळा राहिलेला अंगठा बाहीत किंवा मुठीत अडकून मुरगळतो, आणि सरावात हे वारंवार घडतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हात खांद्याच्या रेषेपलीकडे नेणं. पंच चुकला, पण छाती-चेहरा उघडा पडला. कोपर बाहेर उचललं गेलं की हे हमखास होतं. फसवा पंच मारणारा याचीच वाट बघत असतो. तळहात नाकासमोरच्या रेषेपाशी थांबला पाहिजे, फार तर विरुद्ध खांद्यापर्यंत. दुसरा हात हनुवटीशीच.

कराटेतला सोतो उके याच कुळातला, फक्त तिथे तळहाताऐवजी कोपर ते मनगट हा हाताचा भाग वापरतात: कोपर साधारण काटकोनात, शरीरापासून मूठभर अंतरावर, ताकद कंबरेच्या वळणातून. (शोतोकानमध्ये हा बाहेरून आत येतो, काही इतर शैलींत हेच नाव उलट दिशेच्या ब्लॉकला आहे, तेव्हा नावावर वाद घालू नका.) शिकताना कानामागून घेतात ती मोठी सुरुवात जवळच्या अंतरावर कापून टाकायची. डोळ्यांनी बघून हालचाल सुरू व्हायलाच सुमारे 0.2 सेकंद जातात.

सराव करताना जोडीदाराने खरोखर नाकावर नेम धरावा, वेग कितीही कमी असो. तो दयेपोटी खांद्याच्या बाजूला मारत असेल, तर तुम्ही चुकलेलाच पंच ढकलत आहात. आधी संथ गतीत प्रत्येक बाजूला दहा, मग वेग वाढवून, मग मधूनच एक खोटा.

‘हुक’ प्रकारच्या पंचावर हा ब्लॉक चालत नाही. तो बाजूनेच गोल येतो, तेव्हा ढकलायला रेषाच उरत नाही. हात डोक्याला चिकटवून झाकावं लागतं.