जेवणानंतरची पंधरा मिनिटं, झोपण्याआधीची दहा

टाइप टू मधुमेह असलेली बरीच मंडळी पहाटे तासभर चालून येतात आणि मग दिवसभर खुर्चीतून हलत नाहीत. पहाटेचं चालणं चांगलंच आहे, पण साखर उसळते ती जेवणानंतर. त्या वेळी पाय हलले तर स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतात, त्यासाठी त्यांना इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. न्यूझीलंडच्या ओटॅगो विद्यापीठाने 2016 साली हेच तपासलं. दिवसातून कधीही सलग 30 मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर 10 मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी 12 टक्के कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर 22 टक्के.

आपल्याकडची शतपावली म्हणूनच मला मोलाची वाटते. फक्त शंभर पावलं म्हणजे जेमतेम मिनिटभर होतं, ती हजार-पंधराशेवर न्या. हात धुतल्यावर फार वेळ न घालवता निघा. वेग असा ठेवा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. पावसाळ्यात घरातल्या घरात चाला, पण अनवाणी नको. तळव्यांना बधिरपणा असेल तर साधा खडा टोचलेलाही कळत नाही.

आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम हवाच. हात न टेकता खुर्चीवरून दहा-बारा वेळा उठा-बसा, मिनिटभर थांबा, असं तीनदा करा. उठताना श्वास सोडा. दम रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. डोळ्यांच्या पडद्याचा त्रास असलेल्यांनी जड वजनं, शीर्षासन, सर्वांगासन डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. जोरात जिने चढून लगेच साखर तपासली आणि ती वाढलेली दिसली तर घाबरू नका. जोराच्या कष्टात ॲड्रेनलिन यकृतातली साखर बाहेर सोडतं, ती थोड्या वेळाने उतरते.

खरी काळजी ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी घ्यायची, कारण या औषधांनी साखर फार खाली जाऊ शकते. व्यायामाआधी साखर 90 (mg/dL) च्या खाली असेल तर एखादं केळं खाऊन निघा. घाम, थरथर, धडधड जाणवली किंवा साखर 70 च्या खाली गेली तर तीन चहाचे चमचे, म्हणजे साधारण 15 ग्रॅम, साखर पाण्यातून घ्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उतरायला उशीर होतो. गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर घरातली साखर लवकर पचतच नाही. अशांनी खिशात ग्लुकोज पावडरच ठेवावी. ही गोष्ट फार कमी जणांना सांगितली जाते, आणि ती प्रत्येक चिठ्ठीवर लिहिलेली असायला हवी. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर धडधड जाणवेलच असं नाही. तेव्हा घामाकडे लक्ष ठेवा.

आता रात्रीची दहा मिनिटं. मनावर ताण असला की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि काही न खाताही साखर चढते. यावर अमेरिकी डॉक्टर एडमंड जेकबसन यांची स्नायू सैल सोडण्याची पद्धत सोपी आहे. पाठीवर पडा. उजवी मूठ पाच सेकंद आवळा, मग एकदम सोडा आणि पंधरा-वीस सेकंद त्या हातातला सैलपणा नुसता अनुभवा. मग डावी मूठ, कानांकडे उचललेले खांदे, घट्ट मिटलेले डोळे, पोट, मांड्या, शेवटी पाय. श्वास चालू राहू द्या. जोर निम्माच लावा, आणि पावलं ताणताना बोटं स्वतःकडे ओढा. पुढे ताणलीत तर पोटरीत गोळा येतो. मधेच झोप लागली तर लागू द्या.

हे सगळं नेमाने चाललं की उपाशीपोटीची साखरही हळूहळू उतरू शकते. आकडे तारखेसह वहीत लिहा आणि गोळी कमी करायची का, हे ती वही दाखवून डॉक्टरांनाच विचारा.