तुम्ही विचारलंत म्हणून : माश्या पळून का जात नाहीत?

गावच्या घरी कुणी आलं की चहा होईपर्यंत परसात एक चक्कर होते. फणसाखालच्या चार मधपेट्या लांबूनच न्याहाळायच्या आणि मग विचारायचं, "दार तर सताड उघडं. या पळून कशा जात नाहीत?" चावतात का, हा प्रश्न त्यानंतरचा.

जातात की. दर वर्षी जातात.

माझ्या माश्या सातेरी. झाडाची ढोली, दगडी गडगा, वारूळ, जिथे काळोख आणि आडोसा तिथे राहणारी आपली सह्याद्रीतली माशी. पेटी तिच्या लेखी एक बरी ढोली, एवढंच. ती पाळीव झाली आहे असं मला आठ वर्षांत एकदाही वाटलं नाही.

जाण्याच्या दोन तऱ्हा. पहिली सुबत्तेतली. माघात काजू फुलतो, पेटीत माशी मावेनाशी होते. आधी नरांची घरं दिसतात, त्यांच्या झाकणाला मधोमध टाचणीने टोचल्यासारखं बारीक भोक असतं. मग पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगेसारखी राणीघरं लोंबू लागतात. ती बंद झाली की जुनी राणी निम्म्या कामकरी माश्या घेऊन निघते आणि भरलं घर मुलीसाठी सोडते. (आपल्याकडे हे कुणी इतक्या सहज करत नाही.) राणीघरं वेळेत दिसली तर पेटीची वाटणी करून दोन करता येतात. पण अंड्यापासून राणीघर बंद व्हायला 8 दिवस लागतात आणि मी पुण्याहून पंधरा दिवसांनी येतो. हिशेब तिथेच चुकतो.

एकदा मात्र मी हजर होतो. सकाळी अकराचा सुमार, पडवीत वर्तमानपत्र उघडलेलं. आधी आवाज आला, पावसाची सर कौलांवर यावी तसा. बाहेर आलो तर अंगणभर माश्याच माश्या. पाऊण तासात आंब्याच्या हाताला येणाऱ्या फांदीवर त्यांचा नारळाएवढा घोस बसला. अशा वेळी घाई करायची नाही आणि फार उशीरही नाही. घोसावर टेहळ्या माश्या नाचून नव्या जागांची बातमी देत असतात. त्यांचं एकमत झालं की सगळा थवा उठतो, मग तो आपला नाही. पोटात मध भरलेला, राखायला पिल्लं नाहीत, म्हणून थवा सहसा चावत नाही. मी वेताची टोपली घोसाच्या वर उपडी धरली आणि खालून आंब्याच्या डहाळीने हळूच ढोसत राहिलो. माशी वर, काळोखाकडे चढते. वीस मिनिटांत टोपली जड झाली. पेटीत झटकल्यावर काही माश्या दारात शेपूट वर करून पंख मारू लागल्या. म्हणजे राणी आत होती. बाहेरच्या आपसूक मागोमाग शिरल्या. गंमत म्हणजे जुनी पेटी दहा हातांवर होती, तरी तिकडे कुणी परतलं नाही. थवा सुटला की जुना पत्ता पुसलेला असतो.

त्याच पेटीतून आठवड्याने दुसरा, लहान थवा सुटला. तोही धरला आणि आता हा जायला नको म्हणून दाराला जाळी लावली. तिच्यातून कामकरी माशी जाते, राणी अडते. जाळी लावून पुण्याला गेलो, कामात अडकलो, परतायला महिना झाला. पेटी उघडली तर एकेका घरात चार-चार अंडी, आणि पिल्लं सगळी नरांची. दुसऱ्या थव्यात राणी कोवळी असते. मिलनासाठी तिला एकदा तरी बाहेर उडावंच लागतं. मी तिला कोंडली, तिचे दिवस टळले आणि कामकऱ्याच अंडी घालू लागल्या. ती वसाहत संपली. आता थवा धरला की जाळीऐवजी दुसऱ्या पेटीतली उघड्या अळ्यांची एक चौकट आत ठेवतो. पिल्लं टाकून जायला त्यांचा पाय निघत नाही.

दुसरी तऱ्हा वाईट. श्रावणात बाहेर फूल नाही, सतत पाऊस, पोळ्याला मेणकिडा लागलेला, पायांशी मुंगळे. मग राणीसकट सगळ्या जातात, मागे कुणीच राहत नाही. पेटी उचलली की हाताला आधी कळतं. यावर उपाय आहेत, सगळे कंटाळवाणे: साखरेचा पाक, पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, रिकामी पोळी वेळेवर काढून घेणं. मी त्यात एक वर्ष आळस केला आणि दोन पेट्या गेल्या.

त्यातलीच एक, असा माझा संशय आहे, शेजारच्या काकांच्या मीटरच्या पेटीत राहायला गेली. काका रोज सांगतात, "तुझ्या माश्या घेऊन जा." मी म्हणतो, "माझ्या कशावरून?" पण येत्या माघात टोपली घेऊन जाणार आहे.